जुनी एमटीबी, रोजची सायकल: वाचकांचे प्रश्न

गणपती झाले की ही पत्रं सुरू होतात. सोसायटीच्या जिन्याखाली मुलाची शाळेतली गिअरची सायकल, म्हणजे एमटीबी (माउंटन बाइक), गंजत पडलेली असते. मुलगा नोकरीला लागलेला असतो आणि वडिलांना तीवरून स्टेशनला, भाजीला जावंसं वाटतं. जरूर जावं. शॉक, नक्षीदार जाड टायर, एकवीस गिअर यांतलं बहुतेक मुंबईच्या सपाट रस्त्यावर लागत नाही. पण काय काढायचं आणि काय नाही, हे प्रत्येक जण शेजाऱ्याला विचारून ठरवतो, आणि सायकल अर्धी उघडली की मग मला लिहितो.

२६ चं नवं टायर आणलं, पण रिमवर ढिलं बसतं. दुकानदार म्हणतो, हवा भरली की घट्ट होईल. (कांदिवली)

होणार नाही. हवा भरू नका, ट्यूब बाहेर येऊन फुटेल. त्यांनी तुम्हाला २६ × १-३/८ दिलंय. त्याचा आतला व्यास ५९० मिलिमीटर, तुमच्या रिमचा ५५९. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत दोन आकडे असतात. दुसरा ५५९ हवा. १.५ किंवा १.७५ रुंदीचं, गुळगुळीत नक्षीचं मागा. जाताना चाक सोबत न्या.

डावं पायडल निघत नाही. पाना लांब घेऊन जोर लावू का? (भांडुप)

त्याचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवा.

गिअर काढून सिंगल स्पीड करायची आहे. दुकानात 'कन्व्हर्जन किट' घ्यायला सांगतात. (दादर)

आधी मागचं चाक बघा. स्वस्त एमटीबीला बहुधा आट्यांवर चढणारं फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) असतं. किट असतं कॅसेटच्या हबसाठी (त्यावर दातेरी चक्रं आट्यांनी नाही, खाचांवर सरकवून बसतात), म्हणजे तुमच्या चाकाला ते बसणारच नाही. फ्रीव्हील काढून त्याच आट्यांवर १८ दात्यांचं साधं फ्रीव्हील चढवायचं, संपलं. पुढे मधलं चेनव्हील (पायडलपाशी असणारं दातेरी चक्र) ठेवा. ते ३८ दात्यांचं असेल तर पायडलच्या एका फेरीला सव्वाचार मीटरच्या आसपास जाल; स्टेशनला पुरे, फ्लायओव्हरवरही दम लागणार नाही. पुढून मागे चेन सरळ रेषेत आली पाहिजे, नाहीतर उतरत राहील.

खरी अडचण चेन ताणायची. एक्सलची खाच आडवी असेल तर चाक मागे ओढून ताण येतो. खाच उभी असेल तर टेन्शनर लागतो. त्यासाठी जुनंच मागचं डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) एका जागी बांधून ठेवता येतं, नवीन काही विकत घेऊ नका. खाच कुठली हे फोटोवरून सांगणार नाही. मिस्त्रीला दाखवा.

शॉकचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) जाम होता. मिस्त्रीने साधा चिमटा टाकला. त्याला ब्रेक बसवायची जागा नाही. तो म्हणतो, मागचा ब्रेक पुरतो, पुढचा दाबला की माणूस उलटा पडतो. (चेंबूर)

हेच वाक्य मी किती मिस्त्रींच्या तोंडून ऐकलंय! ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं हलकं होतं. हलकं चाक धरत नाही, घसरतं. कोरड्या सपाट रस्त्यावरही फक्त मागच्या ब्रेकने थांबायला पुढच्याच्या साधारण दुप्पट अंतर लागतं. मग पावसात, उतारावर, समोर बेस्टची बस थांबलेली असताना काय होईल? उलटा पडतो तो एकदम आवळणारा. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत, अंग किंचित मागे घेऊन थांबायची सवय एका संध्याकाळी लागते. सायकल साधी करताना सगळं काढा, पुढचा ब्रेक काढू नका.

तेव्हा तो चिमटा परत करा. २६ च्या चाकाचा, व्ही-ब्रेकच्या (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या दोन लांब हातांच्या ब्रेकच्या) खुंट्या असलेला साधा चिमटा मिळतो. जुना सोबत न्या: दांड्याची जाडी, लांबी, आटे जुळायला हवेत. चिमट्याची उंचीही जवळपास तितकीच हवी. फार आखूड असला तर सायकल पुढे झुकते, हँडल चंचल होतं आणि वळताना पायडल रस्त्याला लागतं.

ब्रेकची मूठही बघा. व्ही-ब्रेकला जास्त तार ओढणारी मूठ लागते. जुन्या पद्धतीच्या कॅन्टिलिव्हर ब्रेकची मूठ लावली तर ती हँडलला टेकते आणि ब्रेक लागतच नाही. दुकानदार 'सगळ्या सारख्याच' म्हणून हातात येईल ती देतो. रिम क्रोमची, म्हणजे लोखंडी असेल तर पावसात रबर तिच्यावर नुसतं सरकतं. ॲल्युमिनियमची रिम घ्या. रंगाचे पैसे वाचवून घ्या. तारा आणि त्यांवरची नळी दोन्ही नवीन टाका. जुन्या नळीत आपल्याकडच्या खाऱ्या हवेचा गंज बसलेला असतो. मूठ सुटते, ब्रेक सुटत नाही. हे सगळं होईपर्यंत सायकल चालवू नका, 'कोपऱ्यापर्यंतच' सुद्धा नाही.

बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पायडलचा आस फिरतो ती फ्रेमची खालची नळी) जवळ रंग फुगला होता, खरवडला तर बारीक भोक. एम-सील भरून रंग मारू? (वरळी)

नाही. पाणी सीटच्या नळीतून उतरून बीबीपाशीच साचतं, म्हणजे गंज आतून बाहेर आलाय. दिसतं ते भोक, आजूबाजूचा पत्रा किती पातळ झालाय ते दिसत नाही. गल्लीतला वेल्डर त्या पातळ पत्र्यावर टाका मारून देईल आणि तो शेजारून तुटेल. बीबी काढून आतून तपासून घ्या. भोक खरंच आरपार असेल तर फ्रेम भंगारात द्या. वर्षभर 'बघू' म्हणत चालवू नका. हँडलच्या नळीखाली बारीक चीर दिसली तर त्याच दिवशी थांबा.

चोर बाजारात चांगली एमटीबी स्वस्तात मिळतेय. बिल नाही. (माहीम)

घेऊ नका. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. फ्रेमचा नंबर बहुधा बीबीच्या खाली कोरलेला असतो. तो घासलेला दिसला तर भाव विचारायचीही गरज नाही. नवा चकचकीत रंग असेल तर आणखी सावध राहा. तो कशावर मारलाय ते वरळीच्या उत्तरात आलंच आहे.

चेनला डब्ल्यूडी-४० मारतो, तरी करकरते. (मालाड)

ते गंज सोडवायला. त्याने जुनं तेल धुऊन निघतं. चेन पुसून कोरडी करा, प्रत्येक कडीवर चेनच्या तेलाचा थेंब टाका आणि वरचं पुसून घ्या. पावसाळ्यात भिजली की पुन्हा. खोबरेल नको. त्याआधी पट्टीने मोजा. एका पिनेपासून तिच्या पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर १२ इंच हवं. १/१६ इंच वाढलं असेल तर चेन बदला. १/८ वाढलं असेल तर दातेही गेलेत. फ्रीव्हील आणि चेनव्हील मिस्त्रीला दाखवल्याशिवाय नुसती नवी चेन टाकू नका.