फाटे फुटणारा व्हिडिओ : तुमचे प्रश्न

प्रश्न : यंत्रसुरक्षेच्या प्रशिक्षणासाठी व्हिडिओ करतोय. बघणारा पर्याय निवडेल तसा पुढचा प्रसंग बदलेल. चार ठिकाणी निवड, दरवेळी दोन पर्याय. तुकडे किती शूट करावे लागतील?

उत्तर : सगळे फाटे शेवटपर्यंत वेगळे ठेवलेत तर १, २, ४, ८, १६ असे मिळून ३१. त्यातले एका माणसाला दिसणार पाच! म्हणून फाटे पुन्हा जोडून घ्या. प्रत्येक निवडीमागे २०-३० सेकंदांचा परिणाम, मग सगळ्यांना सामाईक असा पुढचा प्रसंग. चार प्रसंग, आठ परिणाम, तीन शेवट, म्हणजे १५ तुकड्यांत काम भागतं. कोणता शेवट दाखवायचा ते आधीच्या निवडींच्या गुणांवर ठरवा, नाहीतर कुठलाही पर्याय घेतला तरी गोष्ट तीच, हे लोकांच्या लगेच लक्षात येतं.

गोची होते ती जोडावर. एका फाट्यात कामगाराने हातमोजे काढले, दुसऱ्यात नाही. मग सामाईक प्रसंगात हात कसे दाखवणार? संवादातही ‘मघाशी तू कुलूप लावलंस ना’ असं वाक्य आलं की संपलं. प्रत्येक जोडापाशी कपडे, हातातल्या वस्तू, यंत्राची स्थिती लिहून ठेवा.

पर्याय लिहिताना चुकीचा पर्याय मोहात पाडणारा हवा. पट्टा अडकलाय, पाळी संपायला दहा मिनिटं आहेत. ‘मुख्य वीज तोडून कुलूप लावतो’ आणि ‘बटण बंद केलंय, पटकन हात घालून काढतो’. दुसरा पर्याय खराच वाटतो, कारण माणसं तसंच करतात. ‘नियम मोडतो’ असा पर्याय कोण निवडेल? दोन्ही वाक्यं साधारण सारख्याच लांबीची ठेवा. लांबलचक, सभ्य वाक्य बरोबर असतं हे लोक चटकन ओळखतात.

कॅमेरा काढण्याआधी ट्विन (Twine) या फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या मजकुरावर सगळी वाट फिरवून बघा. ते फुकट आहे, आणि कुठे बंद गल्ली आहे ते नकाशात दिसतं.

प्रश्न : पर्याय पडद्यावर येतात तेव्हा चित्र गोठतं, विचित्र दिसतं.

उत्तर : प्रसंगाच्या शेवटी नटाला १०-१५ सेकंद न बोलता, उत्तराची वाट बघत उभं राहू द्या आणि निवड होईपर्यंत तेवढाच भाग पुन्हा पुन्हा फिरता ठेवा. मागे चालणारी माणसं किंवा हलणारा पट्टा चौकटीत नको, पुन्हा सुरू होताना झटका जाणवतो.

प्रश्न : अर्ध्यात सोडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

उत्तर : स्कॉर्म (SCORM) म्हणजे ऑनलाइन प्रशिक्षणाचा धडा आणि तो चालवणारी प्रणाली यांच्यातल्या देवाणघेवाणीचं मानक. त्याच्या १.२ आवृत्तीत प्रगती साठवायला ४,०९६ अक्षरांचीच जागा असते. पर्यायांची पूर्ण वाक्यं साठवली जात असतील तर ती आधी तपासा. ‘२अ’सारख्या खुणा पुरतात.