पावसाळ्यात घासणाऱ्या दाराला रंधा मारून घ्यावा का?

तुम्ही विचारलंय, आतल्या खोलीचं लाकडी दार श्रावणापासून चौकटीला घासतंय, बिजागरी करकरते, सुतार म्हणतो रंधा मारू. मारू द्यावा का?

नाही. दिवाळीपर्यंत त्याला हात लावू देऊ नका.

आमचं घर परभणीचं. बांधावरचा लिंब पाडून, लाकूड दोन वर्षं सावलीत वाळवून अण्णांनी देवघराचं दार करून घेतलं होतं. २००९ साली गौरी दोन दिवसांवर आल्या आणि ते अडकायला लागलं. मी दादांना म्हणालो, थांबा, थंडीत आपोआप सैल होईल. "तू कधीपासून सुतार झालास?" म्हणाले आणि कडेचं दोन सूत, म्हणजे पाव इंच, लाकूड उतरवून घेतलं. एप्रिलात बंद दाराच्या फटीतून समई दिसायला लागली, कडी कोयंड्यात बसेना. शेवटी कडेला पट्टी ठोकावी लागली. दादा अजून म्हणतात, लाकूडच ओलं होतं. वीस वर्षं वापरलेल्या दाराचं लाकूड ओलं कसं असेल?

लाकूड रुंदीत फुगतं, उंचीत जवळपास नाही. म्हणून कडीकडची कड वरपासून खालपर्यंत घासत असेल तर हवेतला ओलावा. फक्त वरचा कोपरा चौकटीला किंवा खालचा फरशीला लागत असेल तर वरची बिजागरी ढिली झालीय, तिथं रंधा मारणं म्हणजे निव्वळ नासधूस. स्क्रू नुसता फिरत असेल तर भोकात फेविकॉल लावून काडेपेटीच्या काड्या ठोका, रात्रभर वाळू द्या, मग आवळा. नेमकं कुठं लागतंय ते कळायला चौकटीला खडू घासा आणि दार लावून बघा.

करकरीवर गोडेतेल घालू नका, धूळ धरून चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब पुरे.

दिवाळीनंतरही घासलंच तर खडू उमटला तेवढंच पॉलिश पेपरनं काढा आणि उघड्या लाकडाला लगेच रंग द्या. आमच्या सुतारानं कड तशीच कोरी सोडली होती.

हे सगळं जुन्या भरीव लाकडाचं. प्लायवूडचं दार खालून पाणी पिऊन फुगलं असेल तर ते परत बसत नाही, थांबून उपयोग नाही. आणि घर काळ्या मातीवर असून दरवर्षी दाराच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी भेग पडत असेल तर आधी चौकटीला ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, लावून ती सरळ उभी आहे का बघा. पायाच हलत असेल तर सुतार काय करणार?

परवा शिडीवर चढून बघितलं. अण्णांनी दाराच्या वरच्या काठालाही रंग दिलेला आहे, जिथं कुणाची नजर जात नाही. कोरी राहिली होती ती फक्त रंधा मारलेली कड. दादांना फोटो पाठवलाय.