पॅलेस्टिनी उठावांचा इस्रायलच्या समाजावर आणि राजकारणावर काय परिणाम झाला?

दोन्ही उठावांचा परिणाम परस्परविरुद्ध झाला: पहिल्याने (डिसेंबर १९८७पासून) इस्रायली मतदाराला तडजोडीकडे नेले, तर दुसऱ्याने (सप्टेंबर २०००पासून) त्याचा तडजोडीवरचा विश्वासच मोडला. पहिल्या उठावात दगड हाती घेतलेल्या पोरांसमोर राखीव दलातले सामान्य नागरिक बंदूक घेऊन उभे राहिले आणि वेस्ट बँक व गाझावरील ताबा फुकटात टिकत नाही हे घरोघरी कळले. १९९२मध्ये मजूर पक्षाचे नेते यित्झाक राबिन यांचा निवडणुकीतला विजय आणि १९९३चा इस्रायल व पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातला ओस्लो करार त्यातूनच शक्य झाला. दुसऱ्या उठावात सुमारे हजार इस्रायली आणि तीन हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. मार्च २००२मध्ये इस्रायलमधल्या नेतान्या शहराच्या पार्क हॉटेलात ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या जेवणावर झालेल्या स्फोटात ३० माणसे गेली. कॅफेच्या दारात पिशव्या तपासणारा रखवालदार नेहमीचाच झाला, त्याच वर्षी इस्रायल आणि वेस्ट बँक यांना वेगळे करणाऱ्या विभाजक भिंतीचे काम सुरू झाले आणि पॅलेस्टिनी माणूस सामान्य इस्रायलीच्या नजरेआड गेला. माझ्या मते हा बदल सर्वांत खोल आहे. क्नेसेटमधले, म्हणजे इस्रायली संसदेतले, आकडे हेच सांगतात: तडजोडीची बाजू घेणाऱ्या मजूर पक्षाच्या जागा १९९२मध्ये ४४ होत्या, २०२२मध्ये ४ उरल्या. मात्र या घसरणीचे सगळे खापर उठावांवर फोडता येणार नाही, कारण मजूर पक्षाची सत्तेवरची मक्तेदारी १९७७मध्येच, म्हणजे पहिल्या उठावाच्या दहा वर्षे आधी, उजव्या लिकुड पक्षाने मोडली होती.