आधी टेम्पर विचार, मग ग्रेड

नुसतं '6061 द्या' म्हणून अॅल्युमिनियमचा माल आणू नकोस. 6061 ही झाली मिश्रधातूची ग्रेड; टेम्पर म्हणजे तो किती आणि कसा कडक केलाय ते. ओ टेम्परला (मऊ केलेला) त्याची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे ज्या ताणाला तो कायमचा वाकू लागतो ती, जेमतेम 55 एमपीए, टी6 ला (भट्टीत कडक केलेला) साधारण 275. धातू तोच, फरक भट्टीचा. त्यात सुमारे 1 टक्का मॅग्नेशियम आणि 0.6 टक्के सिलिकॉन असतं. 530 अंश सेल्सिअसच्या आसपास ते अॅल्युमिनियममध्ये विरघळतं, लगेच पाण्यात बुडवलं की तिथेच अडकून पडतं. मग 160-175 अंशांवर काही तास ठेवलं (हेच एजिंग) की त्याचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि धातूचे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत. भट्टीतून काढून पाण्यापर्यंत न्यायला रेंगाळलास तर सगळी मेहनत वाया! जास्त वेळ एजिंग केलं तरी कण मोठे होतात, ताकद उतरते.

5052 या दुसऱ्या अॅल्युमिनियम ग्रेडला मात्र हा उपचार लागू नाही, ते थंड रोलिंगनेच कडक होतं.

आणि टी6 ला वेल्डिंग करणार असशील तर सांध्याशेजारची ताकद बरीच घटते, ती धरूनच जाडी ठरव. भाग वाकतोय म्हणून महाग, जास्त ताकदीची 7075 ग्रेड घेऊ नकोस. ताठपणा या सगळ्या अॅल्युमिनियम ग्रेडचा जवळपास सारखाच, 70 जीपीएच्या आसपास.