स्पेनच्या मायोर्का बेटावर सायकलिंगसाठी कमी रहदारीचे रस्ते कोणते?

तुम्ही मार्चमध्ये आठवडाभर जाताय आणि गाड्यांची भीती वाटते म्हणताय, तर डोंगरातला मा-१० हा रस्ता आणि सा कालोब्राचा घाट पहिल्या दिवशी नकोच. घाट अप्रतिम आहे, पण दिवस चढला की तिथे टुरिस्ट बसेस येतात. जायचंच असेल तर सकाळी लवकर गाठा.

खरी शांतता बेटाच्या मधल्या सपाट भागात आहे. सिनेऊ, पेत्रा, सांत जोआन, मोंतुइरी ही गावं अरुंद डांबरी वाटांनी जोडलेली आहेत. दोन्ही बाजूंना चुना-सिमेंट न वापरता रचलेले दगडी गडगे (अगदी कोकणातल्यासारखे!), पलीकडे बदामाची झाडं आणि मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज. पेत्राच्या चौकात दुपारी सायकली भिंतीला टेकवून लोक निवांत कॉफी पीत बसलेले असतात, तिथे नक्की थांबा. फक्त बुधवारी सिनेऊत आठवडी बाजार असतो, त्या दिवशी गाव टाळा किंवा बाजारासाठीच जा.

थोडा चढ हवा असेल तर बुन्योला ते ओरिएंत आणि पुढे आलारो. माझ्या मते बेटावरचा हा सगळ्यात सुंदर रस्ता. झाडीतून वळणं घेत वर जातो, खाली उतरलं की ओरिएंतचं हिरवंगार खोरं.

स्पेनमध्ये वाहनं उजवीकडून चालतात. आपल्याला डावीकडची सवय, त्यामुळे चौकात वळताना फार जपा. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे.