‘उघडपणे’ का खटकतं?

पुण्यातल्या एक अनुवादक ताई दिवाळी अंकासाठी अमेरिकी सैन्यावरचा लेख मराठीत आणत आहेत. त्यांनी लिहिलं, ‘समलिंगी व्यक्तींना सैन्यात उघडपणे सेवा करण्याची परवानगी मिळाली.’ संपादकांनी ‘उघडपणे’ खोडून ‘खुलेआम’ केलं. ताईंना दोन्ही खटकतंय, पण का ते नेमकं सांगता येत नाही, म्हणून त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुमचा कान बरोबर आहे. ‘उघड’ हा शब्द मुळात वाईट नाही. चार दिवसांच्या झडीनंतर पाऊस उघडीप देतो तेव्हा किती हायसं वाटतं! पण हाच शब्द माणसाच्या वागण्याला लागला की त्याचा रंग बदलतो. चोरी उघडकीस येते, लबाडी उघडी पडते, कर्ता माणूस गेला की संसार उघड्यावर येतो. झाकून ठेवावं असं काहीतरी होतं, हे ‘उघड’ आधीच धरून चालतो. ‘खुलेआम’ त्याहून वाईट. गुटखा खुलेआम विकला जातो, वाळू राजरोस उपसली जाते, झाडं बिनदिक्कत तोडली जातात. ‘यांना कोणी अडवत कसं नाही?’ ही तक्रार या तिन्ही शब्दांत भरलेली आहे. कायद्याने दिलेल्या हक्काच्या वाक्यात त्यातला एक जरी शब्द आला, तरी ते वाक्य फिर्यादीचं होतं. ‘जाहीरपणे’ स्वच्छ आहे, पण त्याला सभा लागते आणि या माणसांना कुठली घोषणा करायची नाही.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘उघडपणे’ जाऊन ‘सेवा करणे’ला चिकटतं. पण हेर सोडले तर सगळेच सैनिक उघडपणे नोकरी करतात, अंगावर वर्दीच असते. लपवावं लागत होतं ते घर. घोरपडीला आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहायचे. त्यांची काळी ट्रंक मी लहानपणी पाहिली आहे. वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, झाकणाच्या आतल्या बाजूला वाळलेल्या डिंकाचे चार डाग. तिथे काकूंचा फोटो असायचा. ते सांगायचे, बरॅकमध्ये नव्या पोराला पहिला प्रश्न ठरलेला : गाव कुठलं, आणि घरी कोण कोण असतं? ज्याला तो फोटो लावता येत नाही, त्याला या साध्या प्रश्नापासूनच खोटं बोलायला लागतं.

अमेरिकेत १९९३ साली कायद्यानेच तशी सोय झाली. त्या धोरणाला ‘विचारू नका, सांगू नका’ म्हणत. त्यासाठी आपली ‘अळीमिळी गुपचिळी’ मला आधी चपखल वाटली होती, आता वाटत नाही. अळीमिळीत गप्प राहण्यात दोघांचाही फायदा असतो. इथे तोंड उघडलं तर नोकरी एकाचीच जायची, आणि ती १३ हजारांहून जास्त जणांची गेली. २० सप्टेंबर २०११ रोजी ते धोरण संपलं. त्याच्याही आधी, १९७५ मध्ये, लेनर्ड मॅटलोविच या व्हिएतनाममध्ये लढलेल्या हवाई दलाच्या सार्जंटला याच कारणाने काढलं होतं. वॉशिंग्टनमधल्या त्याच्या थडग्यावर कोरलंय ते साधारण असं : दोन पुरुषांना मारलं म्हणून पदक दिलं, एकावर प्रेम केलं म्हणून घालवलं. हे वाचल्यावर ‘खुलेआम’ हा शब्द त्याच्या शेजारी ठेववत नाही.

लेखात भारताचा उल्लेख येणार असेल तर काळ सांभाळा. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञानांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण १९५० च्या लष्कर कायद्याचं कलम ४६ अजून ‘अनैसर्गिक’ प्रकारच्या लाजिरवाण्या वर्तनाबद्दल बोलतं. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी लष्करात हे चालू देणार नाही, असं सांगितलं होतं. म्हणजे आपल्याकडे ‘मिळाली’ हा भूतकाळ लागत नाही.

मग शब्द कोणता? माहितीच्या वाक्यात मी ‘ओळख न लपवता’ लिहीन. आणि जिथे लेखाला धार हवी तिथे ‘उजळ माथ्याने’. माथ्यावर बट्टा नाही, खाली बघायचं कारण नाही, हे सगळं त्यात येतं. ‘गुंड उजळ माथ्याने फिरतात’ असंही आपण वाचतो, हे खरं. पण ते वाक्य बोचतं ते गुंडाला तो माथा शोभत नाही म्हणूनच. शब्द डागाळलेला नाही.

‘सेवा करणे’ही जाऊ द्या. सातारा-सांगलीकडे विचारा, कोणी ‘सैन्यात सेवा करतो’ म्हणणार नाही. पोरगा मिलिट्रीत असतो. ‘परवानगी’ही नको, कारण ही माणसं सैन्यात आधीपासून होतीच. तेव्हा तुमचं वाक्य असं करून पाहा : ‘समलिंगी स्त्री-पुरुषांना आता ओळख न लपवता सैन्यात राहता येऊ लागलं.’ आणि शीर्षकाला जागा असेल तर ‘उजळ माथ्याने वर्दीत’.