हेडफोनवर भारी, सिस्टिमवर लीड गायब

प्रश्न: माझा हाउस ट्रॅक हेडफोनवर एकदम रुंद वाटतो, पण हॉलच्या सिस्टिमवर लावला की सिंथ लीड (सिंथेसायझरवरची मुख्य धून) पार पातळ होतो. असं का?

उत्तर: बऱ्याच ठिकाणी सिस्टिम मोनोच चालते हो, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून सगळीकडे एकच आवाज. तुम्ही बहुतेक लीडची कॉपी करून एका बाजूला 15-20 मिलिसेकंदांचा डिले (उशीर) दिलाय, तो हेडफोनवर भन्नाट वाटतो पण डावं-उजवं एकत्र मिसळलं की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात. त्यापेक्षा दोन बाजूंना दोन वेगळे साउंड ठेवा. किक (ड्रमचा ढम्म ठोका) आणि साधारण 120 हर्ट्झखालचा बेस मधोमधच, इथे लाड नकोत. हाय-हॅट जरा उजवीकडे, शेकर तेवढाच डावीकडे, चालतंय. पार टोकाला काही नको, नाहीतर स्टिरिओ सिस्टिमवर एका स्पीकरपाशी नाचणाऱ्याला अर्धा ट्रॅकच ऐकू येईल. आणि मास्टर, म्हणजे अख्खा मिक्स, अधूनमधून मोनो करून ऐकत जा.